पंढरीची पात

बुडबुडा बांधापासून दोन हातांवर वर आला. तिथे पाणी जेमतेम बोटभर होतं. खालचा चिखल स्वच्छ दिसत होता आणि चिखलात काहीही हललं नव्हतं. बुडबुडा हरभऱ्याएवढा होता. तो लगेच फुटला नाही. पाण्यावर बसून राहिला, त्यात विजेच्या टॉवरची उलटी, वाकडी आकृती उमटली, आणि मग तो नाहीसा झाला. थोड्या वेळाने त्याच जागी दुसरा आला.

अर्पिता बांधावर उकिडवी बसून तिसऱ्याची वाट बघत होती. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही. जुनी मुळं कुजतात, गॅस साठतो, वाट मिळाली की वर येतो. कर्जतला भाताच्या संशोधनात नोकरी लागल्यापासून तिने असे कितीतरी बुडबुडे पाहिले होते. पण बाकीच्या खाचरांत ते इथे-तिथे कुठेही येत. इथे ते एकाच पट्ट्यातून येत होते, आणि दोन बुडबुड्यांमधला वेळ सारखा होता. झोपलेल्या माणसाच्या दोन श्वासांमध्ये असतो तेवढा.

त्या पट्ट्यात बुडबुडे येण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तो पट्टा रिकामा असायला हवा होता आणि आज तो रिकामा नव्हता.

"काय बघतेस गं?" मागून उज्वला आली. अर्पिताची आई. चिखलात उतरण्यासाठी तिने साडी गुडघ्यांवर खोचून घेतली होती आणि डोक्यावर रोपांचं घमेलं होतं.

"आई, काकाची पात लावलीय कुणीतरी."

उज्वलाची नजर तिकडे गेली आणि परत आली. फार लवकर परत आली.

"लावली आसंल," ती म्हणाली आणि घमेलं खाली ठेवू लागली.

"असेल म्हणजे? वीस वर्षांत तिथे कुणी काडी रोवली नाही."

"मग मना काय इचारतेस? मी काय राखन बसलेली इथं?"

शिरवण्याचं बाकीचं शिवार केव्हाच कंपन्यांखाली आणि सोसायट्यांखाली गेलं होतं. हा एवढा तुकडा उरला, कारण वरून टॉवरच्या तारा गेल्या होत्या आणि खालून खाडीचं पाणी नाल्यावाटे चढत होतं. तो कुणालाच नको होता, म्हणून घराकडे राहिला. आणि घरात एक रीत राहिली. लावणीच्या दिवशी खाचराचे पट्टे पाडायचे. ज्याची त्याची पात ज्याने त्याने लावायची. नोकरीवरून रजा काढून यायचं, पण आपली पात दुसऱ्याला द्यायची नाही.

पंढरी, म्हणजे अर्पिताचा काका, वीस वर्षांपूर्वी आषाढी अमावास्येच्या भरदुपारी उधाणाचं पाणी अडवायला उघाडीवर गेला. नाल्याच्या तोंडाशी बांधात ठेवलेली मोरी, तिला वरून सरकवायची लाकडी फळी. बांधावर माणसं होती. त्यांनी त्याला जाताना पाहिलं. पुन्हा मान वळवून बघितलं तेव्हा फळी नीट बसलेली होती, पाणी अडलेलं होतं, आणि पंढरी नव्हता. खाडीत शोधलं, खारफुटीत शोधलं. काही मिळालं नाही. पुढच्या लावणीला त्याच्या बायकोने, गंगूने, एवढंच सांगितलं: त्याची पात कुणी लावायची नाही, तो येऊन लावेल.

तेव्हापासून खाचराच्या मधोमध, उघाडीच्या तोंडापासून अलीकडच्या बांधापर्यंत, एक काळा पट्टा उघडा राही. आणि दर आश्विनात एक गोष्ट होई. दोन्ही बाजूंचं भात त्या पट्ट्याकडे कलायचं, कलता कलता आडवं पडायचं, आणि वरून पाहिलं तर पट्ट्यात कुणीतरी पांघरूण घेऊन झोपल्यासारखं दिसायचं. गावातली माणसं कापणीच्या दिवसांत या बांधावरून जाईनात.

अर्पिताला त्याचं कारण ठाऊक होतं. पट्ट्याकडेच्या ओळींना शेजारी नाही. ऊन जास्त, पट्ट्यातला नत्रही त्यांनाच. पानं गर्द होतात, ताटं उंच आणि मऊ होतात, तुडतुडे बसतात, आणि टेकायला पलीकडे कुणी नसलं की सगळं आडवं पडतं. हे तिने दरवर्षी घरी समजावून सांगितलं होतं. दरवर्षी सगळ्यांनी मान डोलावली होती.

*

तुळशीराम, अर्पिताचा बाप, नाल्याच्या बाजूने आला आणि पातीजवळ पोचण्याआधीच थांबला.

रबाळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मशिनसमोर उभं राहिलेला माणूस होता तो. घाबरणं त्याला आवडत नसे. लावणीच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, तो इथे एकटा आला होता. पाणी बघायला म्हणून. बघतो तर धाकट्या भावाच्या पातीचा अलीकडचा तुकडा लावलेला. कोणी लावला, कळेना. तो बांधावर बराच वेळ उभा राहिला होता. मग कोपऱ्यात खोचून ठेवलेली शिल्लक रोपं त्याने उचलली आणि पुढचा थोडा तुकडा लावला. का लावला, ते त्याला सांगता आलं नसतं. कोणाला सांगितलंही नव्हतं.

तो लावून थांबला होता ती जागा त्याला आठवत होती. तिथे त्याने शिंपल्याचा एक तुकडा दाबून ठेवला होता. शिंपला तिथेच होता. पण रोपं शिंपल्याच्या पुढे गेली होती.

"आप्पा, उभे काय राहिलात?" मागून पुतण्या आला. मितेश, पंढरीचा मुलगा. पायांत गमबूट, कानात इयरफोनची एक वायर. "नांगे भरायचेत ना आज? अर्पिताताई म्हणाली, उशीर केला तर मेलेल्या रोपांच्या जागी लावलेलं मागे पडतं, बाकीच्यांच्या सावलीत राहतं."

"भरायचेत."

"मग चला ना. मला सेकंड शिफ्ट आहे."

"मितू, हे बघितलंस?"

मितेशने बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग त्याने इयरफोन काढला.

"एवढी?" तो म्हणाला.

"एवढी म्हंजे?"

"नाय, काय नाय." त्याने वायर खिशात कोंबली. "म्हणजे, एवढी कोण लावेल, असं."

तुळशीरामने त्याच्याकडे पाहिलं. पोरगा चार वर्षांचा होता तेव्हा. बापाचा चेहरा त्याला आठवतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. तुळशी विवाहानंतर त्याची हळद होती, दिघ्याच्या मनस्वीशी लग्न ठरलं होतं, आणि त्या हळदीपायी घरात गेले दोन महिने कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं.

हळदीच्या रात्री धवलारीण धवला, म्हणजे हळदीचं गाणं, धरते. देवांना हाक मारते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, मांडवात या म्हणून. जिवंताला त्या गाण्यात हाक मारत नाहीत. तो मांडवातच असतो. धवलारणीने सरळ विचारलं होतं, पंढरीचं नाव घेऊ की नको? गंगूने उत्तर दिलं नव्हतं. तिने हो म्हटलं तर आधी त्याचं कार्य करावं लागणार होतं, गळ्यातलं काढावं लागणार होतं. नाही म्हटलं तर मुलाच्या हळदीला बाप मांडवात नसणार होता आणि गाण्यातही नसणार होता.

उज्वला म्हणत होती, गंगूला सांगा. तुळशीराम म्हणत होता, तू सांग, तू जाऊ आहेस. मितेश म्हणत होता, आईला त्रास देऊ नका, नावाशिवाय लग्न करू. आणि मग एकटा असला की बाहेर जाऊन बसत होता.

"आई कुटं हाय तुजी?" तुळशीरामने विचारलं.

"दिवे घासतेय. आज अमावास्या ना. उघाडीवर दिवा ठेवायला येईल." मितेशने आवाज उतरवला. "आप्पा, तिला हे दिसायच्या आधी उपटून टाकू का?"

"हात लाव, बघ कशी तंगडी मोडतो," तुळशीराम म्हणाला. आपण एवढ्या जोरात का बोललो, ते त्याला कळलं नाही.

*

गंगू बांधावरून आली तेव्हा उधाण चढत होतं. अमावास्येची भरती दुपारीच भरते. बांधाच्या पलीकडे नाल्याचं पाणी खारफुटीच्या बुंध्यांवर चढलं होतं आणि उघाडीची फळी मधूनमधून करकरत होती. वारा पडला होता. डोक्यावरच्या तारांचा गुंई आवाज दमट हवेत नेहमीपेक्षा जास्त येत होता.

तिच्या हातात ताटली होती, ताटलीत पितळी निरांजन, अजून न लावलेलं. तिने चौघांना एका ओळीत उभं पाहिलं.

"मयताला आल्यासारकी काय उभी हाव सगली?" ती म्हणाली.

मग तिने पातीकडे पाहिलं.

अर्पिता तिच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन बघत होती. पान बघावं तसं. आश्चर्य आधी येतं आणि डोळे नंतर मोठे होतात. काकीचे डोळे मोठे झाले, पण ते पातीच्या अलीकडच्या टोकाकडे बघून. उघाडीकडचं टोकही लावलेलं होतं, तिकडे तिने पाहिलंच नाही.

"तो आला," गंगू हळूच म्हणाली. "बग तुलशीभावजी. आला ना? मी सांगत व्हते."

"गंगू," उज्वला पुढे झाली.

"त्याचीच पात हाय. त्याने लावली."

"आई, असं बोलू नको ना," मितेश म्हणाला.

अर्पिता बूट काढून चिखलात उतरली. पाणी कोमट होतं. तिने पहिल्या चुडाजवळ, रोपांच्या झुपक्याजवळ, हात ठेवला.

"काकी, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"तू काय सांगशील? युरिया सांगशील."

"युरिया नाही. हात सांगते." तिने बोटं पसरली. "प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. दोरी असली तर कळत नाही, दोरी सगळ्यांना सारखं करते. पंधरा सेंटीमीटर, पंचवीस, पंधरा, पंचवीस. पण इथे दोरी नव्हती. हे बघ. इथे कुणीतरी दोरीचं अंतर आठवून लावायला बघितलंय आणि प्रत्येक पावलाला ते थोडं थोडं वाढत गेलंय. उंच माणूस आहे. वाकायचा कंटाळा आहे."

मितेशने आपल्या गमबुटांकडे पाहिलं.

"इथून पुढे हात बदलला. एका चुडात मूठभर रोपं, खच्चून दाबलेली. एवढी दाट लावली की फुटवे येत नाहीत, नत्र कितीही द्या, पानंच माजतात. जुन्या माणसाची लावणी. इथे शिंपला ठेवलाय." ती पुढे सरकली. "आणि शिंपल्याच्या पुढे पुन्हा वेगळा. दोन-दोनच काड्या. मोजून. कंजूस हात."

"कंजूस कोनाला म्हनतेस गं भवाने!" उज्वला म्हणाली. "तूच सांगितलंस ना दोन-दोन लावा!"

सगळे तिच्याकडे वळले. उज्वलाने पदर तोंडावर घेतला.

"तू पन?" तुळशीराम म्हणाला.

"पन म्हंजे? तुमी पन?"

"मी... मी फक्त पुढे लावली. आदी लावलेली व्हती कोनीतरी."

"मना पन आदी लावलेलीच दिसली. मना वाटलं... मना काय वाटलं ते सांगनार नाय. घाबरून घरी गेले आनि दुसऱ्या दिवशी परत आले."

"घाबरलीस तर लावलीस कशाला?"

"तुमी कशाला लावली?"

मितेश मधे बोलला. "सुरुवात मी केली. लावणीच्या दिवशी, तुम्ही सगळे चहाला गेलात तेव्हा. हातात रोपं उरली होती. सुकली असती." तो आईकडे बघत नव्हता. "मी चार-पाच ओळीच लावल्या. शप्पथ. नंतर बघायला आलो तर वाढलेली. मी दोन रात्री झोपलो नाय. मला वाटलं बाबा लावतायत."

उज्वलाला हसू फुटलं. ते हसूच होतं, पण थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तुळशीरामने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला तीस वर्षं झाली होती. लोकांसमोर त्याने हे कधी केलं नव्हतं.

"मीही आहे यात," अर्पिता म्हणाली. ती हे सांगणार नव्हती. "लावणी संपली, तेव्हा चहाच्या आधी मी चौका-चौकात युरियाच्या गोळ्या खोचत होते. चार चुडांमध्ये एक. काकाची पात आली तेव्हा हात थांबवायला हवा होता, तिथे चूडच नव्हते. माझा हात थांबला नाही. रिकाम्या चिखलात गोळ्या पुरत गेले. उघाडीपर्यंत. म्हणून इथली पानं बाकीच्यांपेक्षा आधी हिरवी झालीत."

गंगूने ताटली बांधावर ठेवली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर चौघांनाही बरं वाटलं असतं.

"म्हंजे सगल्यांनी," ती म्हणाली. "एकेकट्याने. चोरून."

"काकी," अर्पिता म्हणाली, "पलीकडचं टोक राहिलं."

उघाडीच्या बाजूने लावणी अलीकडे येत होती. चूड चार-चार बोटांवर, पाच-सहा रोपांचे, सगळे किंचित खाडीकडे कललेले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी अंगठ्याने दाबल्याचा खळगा. घरात अशी लावणी एकच माणूस करायचा. तुळशीरामने तिकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"ती माजी," गंगू म्हणाली.

फळी करकरली.

"त्यानंच शिकवलेली मना. नवी नवरी व्हते, मना मासली इकायची म्हाईत, भात कुटं लावलेला! मागं उभा राहून माजा अंगठा धरायचा." तिने स्वतःचा अंगठा बघितला. "परवा बाजारातून येताना आले इकडं. हे टोक लावलेलं दिसलं. मना वाटलं, हा इकडून येतोय. म्हनून मी तिकडून, उघाडीकडून लावत गेले. म्हनलं, मधे गाठ पडंल."

तारा गुंईगुंई करत होत्या.

"पन एक सांगते," ती म्हणाली. "उघाडीच्या तोंडाचे चार चूड माजे नाय. ते आदीच व्हते. मी त्यांच्या पुडं लावली."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मितेशने नाही म्हणून मान हलवली. उज्वलाने हलवली. तुळशीरामने नुसतेच डोळे मिटले.

"रोपं वाहत येतात," अर्पिता म्हणाली. "लावणीनंतर सुटतात, पाण्यावर तरंगतात, मोरीच्या तोंडाशी अडकतात आणि रुजतात. नेहमी होतं." ते खरं होतं. ती उघाडीपर्यंत चालत गेली आणि वाकून पाहिलं. चार चूड, चार बोटांच्या अंतराने. वाहत आलेल्या रोपांच्या बुडाशी अंगठ्याचा खळगा नसतो. तिने त्यांतल्या एका खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. तो सैल बसला. मोठ्या हाताचा होता.

ती परत आली आणि अंगठा पाण्यात धुऊन टाकला.

*

मधे जागा उरली होती. अलीकडची लावणी आणि पलीकडची लावणी यांच्यामध्ये, पातीच्या रुंदीचा, पुरुषभर लांबीचा तुकडा. दोन्हीकडून येणारे तिथे येऊन थांबले होते. कुणीही ठरवलं नव्हतं. तिथलं पाणी काळं आणि स्थिर होतं, आणि त्यातूनही बुडबुडे येत होते. एक. मग थांबून, दुसरा.

गंगू चिखलात उतरली. त्या तुकड्याच्या कडेला ती उभी राहिली, त्या काळ्या पाण्यात पाऊल न टाकता. तिला वाटलं, आपण हे अंतर ओळखतो. रात्री चटईवर पलीकडे हात टाकला की एवढीच जागा असते.

वीस वर्षं दर आश्विनात ती भात आडवं पडलेलं बघायची आणि तिला बरं वाटायचं. त्याच्या अंगावर पांघरूण पडलं असं वाटायचं. लोक घाबरायचे. ती घाबरली नव्हती. आज पहिल्यांदा तिला भीती वाटली, आणि ती त्याची नव्हती. त्या तिघांनी चोरून वाकून एकेक रोप खोचलं होतं, तिला कळू नये म्हणून, आणि त्यांतल्या एकाने दोन रात्री जागून बापाची वाट बघितली होती. ते तिच्याकडून शिकला होता तो.

"अर्पे," तिने विचारलं, "हे आज नाय भरलं तर?"

"तर कडेचं पुन्हा गर्द होईल. पुन्हा इकडे पडेल. उद्यापर्यंत चालेल, काकी. फार तर परवा. मग लावलेलं वर येणार नाही."

"आनि भरलं तर?"

"तर एकमेकाला टेकून उभं राहील."

पलीकडे उधाण पूर्ण भरलं. नाल्याचं पाणी फळीच्या वरच्या कडेशी आलं, तिथे थरथरत थांबलं आणि पुढे आलं नाही. बुडबुडे थांबले. अर्पिताने वाट पाहिली. पुढचा आला नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की चिखलातला गॅस अडतो, असं तिने स्वतःला सांगितलं.

गंगूने मागे हात केला. मितेशने घाईघाईने रोपांची जुडी तिच्या हातात दिली. तिने ती नाकाशी नेली, मग अर्धी त्याला परत दिली.

"दोरी आन," ती म्हणाली.

"आई, बाबांना दोरी आवडायची नाय ना? तूच सांगतेस नेहमी."

"त्याला नाय आवडायची. आता ही तुजी पात हाय. दोरीनं लाव, नीट, ताई सांगंल तशी."

मितेश हलला नाही. तुळशीराम बांधावरून खाली उतरला, दोरीचं एक टोक त्याने स्वतः धरलं, आणि दुसरं उज्वलाकडे फेकलं. दोरी काळ्या पाण्यावर ताणली गेली. चिंध्यांच्या खुणा पाण्याला टेकल्या.

गंगूने पहिला चूड खोचला. अंगठा उचलला, आणि खळगा पाण्याने भरेपर्यंत बघत राहिली. मग मान वर न करता, उधाणाच्या आवाजातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ती म्हणाली:

"भावजी, त्याचं कार्य करा. आनि मितूच्या हळदीला धवल्यात त्याला हाक मारा. नाव घेऊन मारा."